अंड्याला किती नमो मारिया

थोरल्या सिस्टरांच्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं. एकदा कुणीतरी हौसेने एक आणून भिंतीवर लावलं होतं, पण वाफेने काचेच्या आत पाणी साचलं आणि काटे साडेचारवर चिकटले ते चिकटलेच. सिस्टरांनी ते उतरवलं आणि त्या खिळ्याला लसणाची जुडी टांगली. घड्याळावाचून त्यांचं काडीचंही अडत नव्हतं. त्यांच्याकडे जपमाळ होती.

पद्धत अगदी सरळ. पाण्याला उकळी फुटली की अंडी सोडायची आणि माळेचं एक दशक म्हणायचं, म्हणजे दहा नमो मारिया. शेवटचं आमेन झालं की अंडी बाहेर. बटाट्यांना अडीच दशकं. आदल्या दिवशी भिजत घातलेल्या घेवड्याला दीड माळ; एका माळेत पाच दशकं, म्हणजे बघा किती झाली ती. हे सगळं एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहून ठेवलेलं होतं, पानापानावर तेलाचे डाग आणि मसाल्याचे अंगठे. थोरल्या सिस्टर कॉन्व्हेंटमध्ये आल्या तेव्हा आधीच्या स्वयंपाकीण सिस्टरांनी त्यांना हे शिकवलं होतं. हाताला काम, तोंडाला देव, आणि दोन्ही एकाच वेळी शिजतात, असं त्या म्हणायच्या.

त्याच सिस्टरांनी आणखी एक शिस्त लावून दिली होती. चव घ्यायची नाही. ज्याच्यासाठी रांधतो त्याच्या आधी आपल्या तोंडात घास जाता कामा नये. मीठ मुठीने मोजायचं, वेळ माळेने मोजायचा आणि बाकी वासावर सोडायचं. कॉन्व्हेंटच्या बाजूच्या दारातून रोज दुपारी ऐंशी माणसं जेवायला यायची. कुणी एकटे म्हातारे, कुणी कामावरून काढलेले, कुणी पोरं घेऊन आलेल्या बाया. त्यांना लांब टेबलांशी बाकांवर बसवून, चिनी मातीच्या ताटांत गरम गरम वाढायचं. त्यानंतर सिस्टर मंडळींची पंगत, त्याच पातेल्यातली. आणि सगळ्यांच्या शेवटी थोरल्या सिस्टर स्वतः, पातेल्याशी उभ्या उभ्या, तळाला जे काही उरलं असेल ते.

सिस्टरांच्या पंगतीचाही एक नियम होता. अन्नाला नाव ठेवायचं नाही आणि अन्नाचं कौतुकही करायचं नाही. समोर आलं ते देवाने दिलं, मान खाली घालून खायचं. म्हणजे चौतीस वर्षं थोरल्या सिस्टरांनी रांधलं आणि चौतीस वर्षांत त्यांना कुणी चांगलं-वाईट एक अक्षर म्हणालं नाही. त्यांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावून घेतला होता. कोण लावणार नाही?

मग गुडघा गेला. एका सकाळी पातेलं उचलताना तो असा काही वाजला की भाजी चिरणाऱ्या बाईच्या हातातली सुरी थांबली. डॉक्टरांनी फोटो काढला, शस्त्रक्रिया केली आणि सांगितलं, सहा आठवडे जिना उतरायचा नाही, आणि त्यानंतरही तासन् तास उभं राहणं विसरा. थोरल्या सिस्टर वरच्या मजल्यावरच्या खोलीत येऊन पडल्या. खिडकीतून खालचं अंगण दिसायचं, स्वयंपाकघर दिसायचं नाही, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी खिडकीकडे पाठ केली.

मदर भेटायला आल्या. या मदर एके काळी त्यांच्याच हाताखाली बटाटे सोलायला होत्या, त्यामुळे कॉन्व्हेंटच्या प्रमुख झाल्या तरी थोरल्यांसमोर खुर्चीच्या टोकावरच बसायच्या.

"आपल्या संघाच्या मुख्य घरातून पत्र आलंय," मदर म्हणाल्या. "मुख्य मदर महिनाअखेरीस येणार आहेत. त्यांचं म्हणणं, दाराचं जेवण एका वयस्कर सिस्टरच्या जिवावर चाललंय. त्या पडल्या की सगळंच पडणार. त्या स्वतः येऊन जेवतील आणि बघतील. नीट चाललं असेल तर चालू ठेवू, नाहीतर बाहेरून बंद पाकिटं मागवू."

"पाकिटं? आणि वाढणार कोण?"

"वाढायचं काय त्यात. दारातून हातात द्यायची."

"म्हणजे बसायचं नाही?"

"नाही. घेऊन जायचं."

थोरल्या सिस्टरांना सुतारबाबा आठवले. सुतारबाबा म्हणजे पूर्वीचे सुतार, बायको गेल्यापासून एका खोलीत एकटे राहणारे. दिवसभरात त्यांची कुणाशी बोलाचाली होत असेल तर ती याच बाकावर, तीसुद्धा भांडणाची, मीठ इकडे सरकवा म्हणून. हातात पाकीट घेऊन ते घरी जातील आणि भिंतीकडे बघत खातील. अन्न पोटात गेलं म्हणजे जेवण झालं असं मानणाऱ्यांतल्या थोरल्या सिस्टर नव्हत्या.

"स्वयंपाक कोण करेल तोवर?"

"धाकटी."

"ऑफिसातली?"

"दुसरं आहे कोण? दोघींना दमा, दोघी नव्वदीच्या पुढच्या, एकीला डोळ्यांनी दिसत नाही, आणि मला तुम्ही बटाट्याच्या सालीपलीकडे कधी जाऊच दिलं नाहीत."

धाकटी सिस्टर एकतीस वर्षांची. चार वर्षं कॉन्व्हेंटच्या ऑफिसात पत्रं टाइप करत होती, फाइली लावत होती, आणि तिच्या फाइलीत कागद वाकडा सापडला तर बक्षीस. संध्याकाळी ती खोलीत आली आणि हात मागे बांधून उभी राहिली. थोरल्या सिस्टरांनी उशीखालून वही काढली. दागिन्यांचा डबा सुनेच्या हाती द्यावा तशी ती दोन्ही हातांनी दिली.

"यात सगळं आहे. लिहिलंय तसंच करायचं, आपली अक्कल मध्ये घालायची नाही."

"नाही घालणार," धाकटी म्हणाली. आणि तिने खरंच घातली नाही, तिथेच सगळी गोची झाली.

पहिल्याच दिवशी अंडी होती. बाकावर बसून सुतारबाबांनी अंडं फोडलं आणि ते त्यांच्या मांडीवर सांडलं. शेजारी बसलेल्या, छत्र्या दुरुस्त करणाऱ्या बाईंनी आपलं अंडं सावधपणे परत ताटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी बटाटे, सुरीने कापावे लागणारे. तिसऱ्या दिवशी घेवडा. तो दाताखाली असा वाजत होता की आपण जेवतोय की खडी फोडतोय, असं सुतारबाबांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं. दाराची माणसं धाकटीला मुळीच भीत नव्हती. आत सिस्टरांच्या पंगतीत मात्र शांतता. नियम म्हणजे नियम. सात सिस्टरांनी कच्चा घेवडा मान खाली घालून चावला, आणि संध्याकाळी सातही जणींच्या पोटांनी तो नियम मोडला.

ताट वर थोरल्यांकडेही गेलं होतं. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि बाहेर काढला. पहिल्यांदा त्यांना वाटलं, गॅस गेला असेल. नंतर वाटलं, घेवडा जुना असेल. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्यांनी धाकटीला बोलावणं पाठवलं.

"बस. एक दशक म्हण."

"आत्ता?"

"आत्ता. स्वयंपाकघरात म्हणतेस तसंच म्हण."

धाकटीने माळ हातात घेतली आणि सुरू झाली. शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते. दहाव्या मण्यावर ती पोचली तेव्हा थोरल्या सिस्टर मनातल्या मनात तिसऱ्यावर होत्या.

"ही प्रार्थना झाली? कुणी मागे लागलंय का तुझ्या? देवाच्या आईचं नाव घेतेस, जरा तरी श्वास घे. आणि वर अंडी कच्ची राहतात म्हणून तोंड पाडून फिरतेस."

धाकटीचे कान लाल झाले. काही बोलायचं नाही असं तिने ठरवलं असावं, पण ते जमलं नाही.

"आमची आई कापडाच्या गिरणीत होती, सिस्टर. आम्ही सहा भावंडं. पहाटे सगळ्यांना उठवून, खायला घालून ती पाळीवर जायची. माळ म्हणायला वेळ एकच, घरापासून गिरणीच्या फाटकापर्यंत. मला हाताला धरून न्यायची, वाटेत मावशीकडे सोडायला. फाटक यायच्या आत पाचही दशकं झाली पाहिजेत, नाहीतर भोंगा व्हायचा. मी तशीच शिकले. तिचा एक दिवस चुकला नाही. सावकाश म्हणायला तिला कुणी वेळ दिला नाही."

एवढं बोलून ती उठली, ताट उचललं आणि गेली. थोरल्या सिस्टरांना तोंडात मारल्यासारखं झालं. आपण एका आईच्या प्रार्थनेला नावं ठेवली, तीही अंड्यापायी. त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं नाही, अर्थात त्या जेवणात गोड लागण्यासारखं काही नव्हतंच.

पुढचा आठवडाभर धाकटीने हळू म्हणण्याचा आटोकाट प्रयत्न केला. अन्न जरासं सुधारलं. कच्च्याचं अर्धकच्चं झालं. पण ती स्वतः वाळत चालली. भाजी चिरणाऱ्या बाईने वर येऊन चुगली केली, धाकट्या सिस्टर पातेल्यापाशी उभ्या राहून रडतात म्हणून.

थोरल्यांनी तिला पुन्हा बोलावलं. या वेळी खुर्ची जवळ ओढून ठेवली होती आणि बिस्किटांचा डबाही उघडून ठेवला होता.

"काय होतंय, पोरी?"

"माझी प्रार्थना गेली, सिस्टर." धाकटीने बिस्किटाला हात लावला नाही. "आधी पळत म्हणायचे, पण म्हणायचे. आता प्रत्येक शब्दाला वाटतं, झालं असेल का, अजून थांबू का. मी नमो मारिया म्हणतच नाही हल्ली. मी अंडं म्हणते. नमो अंड्या."

थोरल्या सिस्टरांना हसू आलं आणि ते त्यांनी दाबलं, आणि दाबलेलं पाहून धाकटीलाही आलं. मग दोघी चांगल्या दोन मिनिटं हसल्या. पण हसण्याने घेवडा शिजत नाही आणि मुख्य मदर यायला नऊ दिवस उरले होते.

"मिनिटं सांगा ना मला," धाकटी म्हणाली. "माझ्याकडे मनगटी घड्याळ आहे. घेवड्याला किती मिनिटं?"

"मिनिटं मला कुठे माहीत? मी कधी मोजली नाहीत."

"मग बोटाने दाबून बघू? एक दाणा चाखून बघू?"

"चाखायचं नाही."

"नाही चाखत," धाकटी म्हणाली आणि वही मांडीवर घेऊन बसली. ऑफिसात काम केलेल्या माणसाची एक खोड असते, कागद हातात आला की तो फक्त वाचत नाही, तपासतो. ती पानं उलटत गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"सिस्टर, हे खोडलेले आकडे कुणाचे?"

"कुठले?"

"हे बघा. घेवडा, तीन माळा. ते खोडून अडीच. ते खोडून दोन. ते खोडून दीड. अंडी, तीन दशकं, मग दोन, मग दीड, मग एक. बटाट्याचंही तसंच. सगळ्याच पानांवर आहे."

"माझेच की. गॅस नवा आला ना, त्याची आच दांडगी. तळाला लागायला लागलं सगळं, अंड्यांचे बलक हिरवे पडायला लागले. म्हणून कमी केलं."

"गॅस किती वेळा बदलला?"

"एकदाच."

"पण खोडलंय तीनदा. शाईसुद्धा वेगवेगळी आहे. ही निळी, ही काळी, आणि हे तर पेन्सिलीने, अगदी अलीकडचं."

धाकटीने मनगटातलं घड्याळ काढून पलंगावर ठेवलं.

"आता तुम्ही म्हणा एक दशक. पातेल्यापाशी म्हणायचात तसं. चॅपेलमध्ये सगळ्यांबरोबर म्हणतो तसं नाही."

थोरल्या सिस्टरांनी डोळे मिटले आणि माळ धरली. पहिला नमो मारिया झाला. मग त्या थांबल्या, ओठ हलत राहिले. दुसरा झाला, पुन्हा थांबल्या. धाकटीला वाटलं, त्यांना डुलकी लागली. पण मणी बोटातून सरकत होते, फार सावकाश, आणि प्रत्येक मण्याला त्यांचा चेहरा थोडा बदलत होता. दशक संपलं तेव्हा धाकटीने घड्याळ उचलून पाहिलं.

"नऊ मिनिटं."

"काहीतरीच."

"नऊ मिनिटं, सिस्टर. चॅपेलमध्ये अख्खी माळ सोळा मिनिटांत होते. मध्ये मध्ये काय म्हणत होता तुम्ही?"

"कुठे काय. माणसं येतात." थोरल्या सिस्टर थोड्या वरमल्या. "पहिल्या मण्याला आमच्या स्वयंपाकीण सिस्टर, त्यांनी हे शिकवलं. मग सुतारबाबांची बायको, ती गेली त्या दिवशीसुद्धा ते जेवायला आले होते आणि कुणाला बोलले नाहीत. मग ती तान्हं घेऊन यायची ती पोरगी, एक दिवस आली नाही ती नाहीच आली, कुठे असेल कोण जाणे. मग माझा भाऊ. असे एकेक. आधी दोन-चारच होते गं. दर वर्षी वाढतात. आत आलेल्याला बाहेर कसं काढायचं?"

खाली अंगणात कुणीतरी बादल्या आपटत होतं.

"म्हणजे गॅस नव्हे," थोरल्या सिस्टर हळूच म्हणाल्या.

"नाही."

"मीच."

त्यांनी वही स्वतःकडे ओढली आणि पानं उलटली. तीन, अडीच, दोन, दीड. इतकी वर्षं त्यांनी गॅसला नावं ठेवली होती. दुरुस्तीवाल्याला तीनदा बोलावून त्याच्याशी वाद घातला होता. आणि तो बिचारा दर वेळी सांगत होता, आच बरोबर आहे म्हणून. आपण म्हाताऱ्या झालो हे त्यांना आरशाने सांगितलं नव्हतं, गुडघ्यानेसुद्धा पुरतं सांगितलं नव्हतं, ते त्यांच्याच हाताने वहीत लिहून ठेवलेलं निघालं. त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. त्यांनी नाक पुसलं.

"मग आता?"

"आता मी तुमचे पहिले आकडे घेते," धाकटी म्हणाली. "तेव्हा तुम्ही चॅपेलच्या चालीने म्हणत असाल. घेवड्याला तीन माळा, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस मिनिटं. अंड्याला तीन दशकं, साडेनऊ. बाकीचं मी रात्रीच्या आत मांडून ठेवते."

"घड्याळ लावून?"

"घड्याळ लावून."

"आणि प्रार्थना?"

"करीन की. आईच्या चालीने करीन. पण तिच्यावर आता अंडं ठेवणार नाही."

थोरल्या सिस्टरांनी बिस्किटांचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "खा. वाळलीस नुसती."

मधले दिवस ताटं वर येत राहिली, पण थोरल्या सिस्टरांना त्यावरून नेमकं काही कळेना. त्यांचं जेवण सगळ्यांत शेवटी यायचं, झाकून, जिने चढून, आणि तोवर वाफेनेच सगळं मऊ पडलेलं असायचं. कच्चं नव्हतं एवढं खरं. खरं काय ते बाकावरच कळणार होतं.

मुख्य मदर आल्या त्या दिवशी घेवडाच होता. धाकटीने मुद्दाम तोच ठेवला होता. अंड्याने उत्तीर्ण झाले तर कोण विश्वास ठेवेल, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनी थोरल्यांना काठी आणि दोन माणसांच्या आधाराने जिना उतरायची परवानगी दिली, आणि मदरांनी बजावलं की स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. म्हणून थोरल्या सिस्टर चौतीस वर्षांत पहिल्यांदा दाराच्या बाकावर बसल्या, सुतारबाबांच्या शेजारी. समोर मुख्य मदर. हडकुळ्या, शांत, चमचा हातात घेण्याआधी तो दोन्ही बाजूंनी बघणाऱ्या.

बाकावरून सगळं वेगळंच दिसत होतं. दार उघडायच्या आधी आतून भांड्यांचा आवाज येतो तेव्हा माणसं बोलायची थांबतात, हे थोरल्यांना माहीतच नव्हतं. पातेलं बाहेर आलं. धाकटी वाढत आली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळावर घाम. थोरल्यांच्या ताटात तिने बाकीच्यांइतकंच वाढलं आणि त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भीती असणार.

थोरल्या सिस्टरांनी खायच्या आधी सुतारबाबांकडे पाहिलं. त्यांनी चमचाभर घेवडा तोंडात घातला, चावला, थांबले. पुन्हा घातला. मग त्यांनी पावाचा तुकडा मोडून रस्सा पुसून घेतला, आणि ऐंशी माणसांच्या गलक्यात थोरल्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज घेवडा घेवड्यासारखा लागतोय."

"म्हणजे? एरवी कसा लागायचा?"

सुतारबाबा एकदम ताटात बघायला लागले.

"सांगा की. आता कुठे मी पळी घेऊन मागे लागणार आहे."

"एरवी जरा... मिळून यायचा."

"किती दिवसांपासून?"

"दिवस नाही हो. वर्षं. सात-आठ तरी." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "डोळे मिटून खाल्लं तर घेवडा की बटाटा ते कळायचं नाही. माझे चार दात उरलेत, ते कशासाठी सांभाळलेत मी? पण तुम्ही दुखत्या गुडघ्याने वाढत यायचात, जेवलात का म्हणून विचारायचात. तुम्हाला कोण सांगणार? इथे कुणाची छाती नाही."

छत्रीवाल्या बाईंनी पलीकडून मान हलवली. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळ्या बाकाला माहीत होतं. आत सात सिस्टरांना माहीत असणार. थोरल्या सिस्टरांनी एक दाणा तोंडात घातला. साल अख्खी होती आणि आत तो लोण्यासारखा मऊ होता. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी भरून आलं. इतकी वर्षं आपण या माणसांची काळजी वाहतो असं त्या समजत होत्या. आणि ही माणसं रोज दुपारी गपचूप लगदा गिळून त्यांचं मन राखत होती.

मुख्य मदरांचं ताट अर्धं झालं होतं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"थोरल्या सिस्टर, जेवण नीट आहे. पण एका दिवसावर मी ठरवणार नाही. तुम्ही हे उभं केलंत, तुम्हाला यातलं सगळं कळतं, म्हणून तुमच्याकडूनच ऐकायचंय. तुमच्याशिवाय हे चालेल का?"

थोरल्या सिस्टरांचं उत्तर तयार होतं. वर खोलीत पडल्या पडल्या त्यांनी ते शंभरदा घोकलं होतं. दोन महिन्यांत गुडघा ठीक होईल, मी परत उभी राहीन, तोवर पोरगी माझ्या देखरेखीखाली निभावून नेईल. यात खोटं काही नव्हतं. पण असं म्हटलं की हे दार पुन्हा त्यांच्याच गुडघ्यावर उभं राहणार होतं, आणि तो गुडघा किती दिवस टिकेल ते त्यांना माहीत होतं. शेजारी सुतारबाबांनी चावणं थांबवलं होतं.

"मदर," त्या म्हणाल्या. "माझ्याशिवाय हे जास्त चांगलं चालेल. चालतंयच. मी गेली सात-आठ वर्षं या लोकांना लगदा वाढला आणि मला त्याचा पत्ता नव्हता, तळाचं खाते म्हणून मऊ लागतं असं समजत राहिले. या पोरीने तीन आठवड्यांत शिकून घेतलं, आणि माझी चूकही तिनेच काढली. तिला तिथेच राहू द्या. मला परत आत जाऊ देऊ नका, मी मागितलं तरी."

"लगदा असा नव्हता हो," सुतारबाबा म्हणाले.

"लगदाच होता. गप्प बसा."

मुख्य मदरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग पावाचा तुकडा मोडला. "बरं," त्या म्हणाल्या, "चालू राहू द्या," आणि पुन्हा जेवायला लागल्या.

थोरल्या सिस्टरांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी येऊ दिलं. दुखत होतंच. आपलं घर आपल्या हाताने दुसऱ्याला देताना दुखणार नाही तर काय. पण छातीवरचं कसलंतरी ओझंही उतरलं होतं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला भूक लागली आहे, खरीखुरी, सपाटून. ताट रिकामं झालं होतं. कधी खाल्लं ते कळलंच नव्हतं.

धाकटी पळी घेऊन दुसऱ्या फेरीला आली. इकडे काय बोलणं झालं याचा तिला पत्ता नव्हता, पातेलं पुरेल की नाही या चिंतेत तिचा जीव अडकला होता.

"अजून कुणाला?" तिने बाकाला विचारलं.

थोरल्या सिस्टरांनी बाकीच्यांसारखंच ताट दोन्ही हातांनी वर धरलं.

"मला वाढ," त्या म्हणाल्या. "हात आखडू नकोस, भरपूर वाढ."